विश्लेषण : व्हिसा नव्हता, मुदतही नव्हती… कल्याणच्या आनंदीबाई अमेरिकेत तीन वर्षे कशा राहिल्या?

दिव्याहून कल्याणकडे जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये बसले की कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि मग कल्याण. हा ठाणे–कल्याण रेल्वेमार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. त्यानंतर ११ वर्षांनी जन्मलेली आणि कल्याणात वाढलेली एक मुलगी वयाच्या अठराव्या वर्षी एकटी अमेरिकेला गेली आणि डॉक्टर होऊन परतली. आज दिवा-डोंबिवलीतून परदेशी निघालेल्याला पहिला प्रश्न पडतो तो किती दिवस राहता येईल आणि मुदत वाढवून मिळेल का, हा. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या काळी व्हिसाच नव्हता. मग त्यांचा मुक्काम कोण ठरवत होते?

यमुनेची आनंदी कशी झाली?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी. घराणे एके काळी जमीनदारीचे, पण ते वैभव ओसरले होते. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते विधुर होते आणि पत्नीपेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, या हट्टाने त्यांनी लग्न केले होते. स्वभाव तापट आणि शिकवण्याची रीत कठोर. अभ्यासात कुचराई झाली तर मारहाणही होत असे. पत्नीला पुढे ढकलणारा आणि तिला धाकात ठेवणारा, असे हे एकाच माणसाचे दोन चेहरे होते.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईही फिरल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, पण तो दहा दिवसांतच गेला. पुरुष डॉक्टरकडे जायला स्त्रिया संकोचतात आणि स्त्री डॉक्टर मिळत नाही, याचा अर्थ त्यांना स्वतःच्या घरात कळला. वैद्यक शिकण्याचा निश्चय त्यातून पक्का झाला.

अमेरिकेची वाट कोणी दाखवली?

गोपाळरावांनी प्रथम कोल्हापुरातील अमेरिकी मिशनऱ्यांमार्फत प्रयत्न केला. रॉयल वाइल्डर या पाद्र्यांना त्यांनी पत्र लिहिले. पत्नीचे शिक्षण आणि स्वतःसाठी नोकरी, अशी त्यांची मागणी होती. उत्तर आले ते ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या अपेक्षेसह. जोशी दाम्पत्याला ते मान्य नव्हते. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार प्रिन्स्टन येथून निघणाऱ्या आपल्या नियतकालिकात छापला.

पुढे जे घडले त्यात योगायोगाचा वाटा मोठा. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताला लागलेल्या त्या जुन्या अंकात त्यांनी हे पत्र वाचले आणि थेट आनंदीबाईंना लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार वाढला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर निमंत्रण, राहण्याची जागा आणि खात्रीचा माणूस, या तिन्ही गोष्टी या एका ओळखीतून मिळाल्या.

खरा परवाना कोणाकडून घ्यायचा होता?

सरकारकडून नव्हे, समाजाकडून. समुद्र ओलांडला की जात जाते, ही समजूत तेव्हा घट्ट होती. परतल्यावर प्रायश्चित्त, नाहीतर बहिष्कार. त्यात बाईमाणूस आणि तीही नवऱ्याशिवाय एकटी. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला तर लोक त्यांना पाहायला थांबत आणि टिंगल करत.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. अमेरिकेला का जाता, भारतात शिकता येत नाही का, एकट्या का जाता, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, संकट आले तर काय, आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करता, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असा त्यांचा सूर होता. तेव्हा त्यांचे वय १८ वर्षेही पूर्ण नव्हते. या भाषणाची चर्चा झाली आणि मदतही येऊ लागली.

न्यू यॉर्कच्या बंदरात काय तपासले जाई?

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यू यॉर्कला उतरल्या. प्रवास ५८ दिवसांचा. धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या.

तेव्हा अमेरिकेत शिरण्यासाठी व्हिसा लागत नसे. पासपोर्टचीही सक्ती नव्हती. याचा अर्थ नियमच नव्हते असा नाही. आदल्याच वर्षी, मे १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला होता. ऑगस्ट १८८२ च्या दुसऱ्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशामागे ५० सेंट कर लावला. गुन्हेगार, वेडसर आणि स्वतःचे पोट भरू न शकणारे लोक यांना परत पाठवण्याची तरतूदही त्यात होती. एलिस बेटावरचे प्रसिद्ध तपासणी केंद्र १८९२ मध्ये सुरू झाले.

म्हणजे दार उघडे होते, पण सर्वांना नाही. आनंदीबाई चिनी मजूर नव्हत्या आणि त्यांच्या मागे अमेरिकी कुटुंब उभे होते. उतरल्यावर किती दिवस राहणार, हे कोणी शिक्का मारून ठरवून दिले नाही.

९० दिवसांचा नियम तेव्हा असता तर?

अमेरिकेची आजची व्हिसामाफी योजना ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे. त्यात एका वेळी ९० दिवस राहता येते, ही मुदत वाढवून मिळत नाही आणि पदवीचे शिक्षण घेता येत नाही. भारत या योजनेत नाही. हा नियम १८८३ मध्ये आनंदीबाईंना लावला असता तर त्यांचे ९० दिवस सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपले असते. त्यांचे कॉलेज तर ऑक्टोबरमध्ये सुरू झाले.

उन्हाळाभर त्या रोझेलला कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. मग फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात त्यांना प्रवेश मिळाला. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिच्या डीन रेचल बॉडली. प्रवेशाच्या अर्जात आनंदीबाईंनी आपली तुटपुंजी तयारी लपवली नाही. आपल्या देशातील ज्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी शिकायचे आहे, असे त्यांनी कळवले. बॉडली यांनी प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही. मुक्कामाची मुदत अशा रीतीने कॉलेजने ठरवली, तीन वर्षे.

तीन वर्षे काढणे किती कठीण होते?

फिलाडेल्फियाची थंडी, अंगावर साडी, अन्नाचे निर्बंध आणि घरापासून हजारो मैल. प्रकृती मुळातच नाजूक होती. डोकेदुखी, ताप, धाप ही दुखणी भारतापासूनची, तिकडे ती वाढली. धर्म बदलावा, असा आग्रह अधूनमधून होत असे. त्या नम्रपणे, पण ठामपणे नकार देत.

त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली शिकत होत्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला या तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला फोटो आजही मोबाइलवर फिरत असतो. त्याच वर्षी गोपाळरावही अमेरिकेत पोहोचले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा होता. राणी व्हिक्टोरियाने अभिनंदनाचा संदेश पाठवला. तेव्हा वयाची २१ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

मुक्काम वाढवला तो दुसऱ्याच बाईंनी!

पदवीदान पाहण्यासाठी इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. आनंदीबाईंची ही नातेवाईक एका समारंभासाठी आली आणि अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक राहिली. बालशिक्षणाची बालोद्यान पद्धत त्या शिकल्या, गावोगावी व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले आणि भारतातील विधवांच्या शाळेसाठी निधी उभा केला. त्यासाठी बॉस्टनमध्ये संस्था स्थापन झाली. परतल्यावर मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले.

समारंभाचे पाहुणेपण संपले आणि कामाचा मुक्काम सुरू झाला, तरी त्यांना कोणत्याही कार्यालयात कारण बदलल्याचा अर्ज द्यावा लागला नाही. आज पर्यटक म्हणून जाऊन शिक्षण, व्याख्याने आणि निधीसंकलन सुरू केले, तर मुक्कामाचे दिवस शिल्लक असूनही नियमभंग ठरू शकतो. मुदत आणि हेतू या दोन्ही गोष्टी आता स्वतंत्रपणे तपासल्या जातात.

आनंदीबाईंना मुक्काम का वाढवता आला नाही?

पदवीनंतर रुग्णालयात अनुभव घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्या बॉस्टनला गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. दरम्यान कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली होती. एकीकडे अपुरा राहिलेला अनुभव, दुसरीकडे वाट पाहणारी नोकरी आणि या दोन्हींच्या मध्ये क्षयाने पोखरलेले शरीर. देशाचा कायदा त्यांना जा म्हणत नव्हता. ते काम आजाराने केले.

९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्या गोपाळरावांसह न्यू यॉर्कहून निघाल्या. अमेरिकेतला एकूण मुक्काम तीन वर्षे चार महिने, म्हणजे सुमारे १,२२३ दिवस. १६ नोव्हेंबरला त्या मुंबईत उतरल्या. स्वागत जोरात झाले. जातीबाहेर टाकण्याच्या धमक्या ज्या समाजाने दिल्या, त्यातलेच लोक आता कौतुकाला आले. कोल्हापूरच्या नोकरीवर मात्र त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या पदवीचा उपयोग आपल्या देशातील स्त्रियांसाठी करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

उघडे दार कधी बंद झाले?

आनंदीबाईंनंतर ३० वर्षांतच. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा प्रवेशबंदीखाली आला आणि त्यात भारत होता. विद्यार्थ्यांना सवलत राहिली. पहिल्या महायुद्धात जगभर पासपोर्टची सक्ती आली आणि युद्ध संपल्यावरही ती गेली नाही. भारतात १९२० मध्ये पासपोर्ट कायदा झाला. अमेरिकेत १९२४ पासून वकिलातीतून आधीच व्हिसा घेणे बंधनकारक झाले. भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्याची वाट १९४६ मध्ये पुन्हा उघडली, तीही वर्षाला १०० जणांपुरती.

आजच्या प्रवाशाने यातून काय घ्यावे?

भारतीय पासपोर्टवर काही देशांत आज व्हिसाशिवाय जाता येते. पण व्हिसा नको याचा अर्थ मुदत नाही, असा होत नाही. विमानतळावर मिळणाऱ्या शिक्क्यात किंवा नोंदीत दिलेली तारीख हीच खरी. मुदतवाढ मिळते की नाही, हे प्रत्येक देश वेगळे ठरवतो. जिथे मिळते तिथे मुदत संपण्याआधी त्या देशाच्या इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करावा लागतो. सीमेपलीकडे जाऊन लगेच परत येण्याची युक्ती सगळीकडे चालत नाही. युरोपातील शेंगेन देशांत १८० दिवसांत एकूण ९० दिवस असा हिशेब असल्याने बाहेर जाऊन आले तरी दिवस नव्याने मोजले जात नाहीत. अमेरिकेत मुदतीपेक्षा १८० दिवसांहून अधिक राहून मग देश सोडला तर तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. आणि जायचे शिकायला असेल तर पहिल्याच दिवशी विद्यार्थी व्हिसा घेणे, हाच सरळ मार्ग.

आनंदीबाईंची एक गोष्ट मात्र अमेरिकेतच राहिली. निधनानंतर त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली. न्यू यॉर्क राज्यातील पॉकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. तिथल्या दगडावर आनंदीबाईंचे नाव आजही वाचता येते.