गास्तों प्लांते

गास्तों प्लांते (२२ एप्रिल १८३४, ऑर्थेझ – २१ मे १८८९, बेलव्ह्यू) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. वीज संपल्यावर पुन्हा भारता येणारा शिसे-आम्ल संचायक घट त्यांनी १८५९ साली तयार केला.

१८५४ मध्ये ते पॅरिस येथे एडमंड बेकरेल यांचे प्रयोगसाहाय्यक झाले. पुढल्याच वर्षी पॅरिसजवळ म्यूदों येथे त्यांना एका प्रचंड, न उडणाऱ्या पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या प्रजातीस गास्टोर्निस हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले.

त्या काळच्या घटांतील जस्त व रसायने संपली की ती नव्याने भरावी लागत. निरनिराळ्या धातूंच्या पट्टिकांतून वीज सोडून ती बंद केल्यावर उलट दिशेने किती प्रवाह मिळतो, हे प्लांते तपासत होते. शिशापासून तो सर्वाधिक काळ मिळाला. शिशाचा हा गुण जर्मन वैद्य सिन्स्टेडेन यांना १८५४ मध्येच दिसला होता. मात्र त्यातून उपयोगी साधन घडवले ते प्लांते यांनी. शिशाचे दोन पत्रे मध्ये विलगक ठेवून त्यांनी गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. १८६० मध्ये अशा नऊ घटांची घटमाला त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

पत्र्यांवर पुरेसा क्रियाशील थर तयार होण्यासाठी ते वारंवार भारावे व रिकामे करावे लागत. या कामी महिने जात. शिवाय भारण्यासाठी लागणारी वीज जुन्या घटांतूनच घ्यावी लागे. त्यामुळे डायनामो प्रचारात येईपर्यंत, जवळजवळ वीस वर्षे, हा शोध बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप दिला व धारणक्षमता पुष्कळ वाढवली. मात्र आरंभी हा लेप वापरात गळून पडे.

क्षमता आणि टिकाऊपणा यांतील ही ओढाताण आजही मिटलेली नाही. मोटार सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ, पुष्कळ पट्टिका असतात; ती क्षणभर मोठा प्रवाह देते, पण पुनःपुन्हा पूर्ण रिकामी झाल्यास लवकर निकामी होते. होडीतील किंवा फिरत्या घरातील दिवे-पंखे चालवण्यास जाड पट्टिकांची बॅटरी लागते. तीही निम्म्याहून अधिक वारंवार उतरवल्यास आयुष्य घटते, आणि उतरलेली तशीच ठेवल्यास पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीच्या परिसरासारख्या कोळसा पट्ट्यांत भूमिगत खाणकामगाराच्या कमरेची, टोपीवरील दिव्याला पाळीभर वीज पुरवणारी बॅटरी दीर्घकाळ याच कुळातील होती. पाळी संपली की ती लॅम्प रूममध्ये पुन्हा भारण्यास लावली जाई.

उत्तरायुष्यात प्लांते यांनी उच्च दाबाच्या विजेवर प्रयोग केले व गोलाकार विजेसारख्या नैसर्गिक आविष्कारांचा अभ्यास केला. त्यांचा विद्युतविषयक ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. चंद्राच्या पलीकडील बाजूवरील एका विवरास त्यांचे नाव आहे.