उशाशी बसलेला चित्रकार

व्हिएन्नाजवळच्या टुल्न गावी स्टेशनमास्तरच्या घरात १८९० साली जन्मलेला एगॉन शीले सोळाव्या वर्षी व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला. विख्यात चित्रकार गुस्टाव क्लिम्टने त्याला हाताशी धरले. शीलेची पिळवटलेल्या देहांची चित्रे पाहून लोक बिचकत. १९१२ मध्ये तर त्यापायी २४ दिवस कोठडीत काढावे लागले. जून १९१५ मध्ये त्याने ईडिथ हार्म्सशी लग्न केले आणि चारच दिवसांत सैन्यात रुजू व्हावे लागले.

१९१८ च्या फेब्रुवारीत क्लिम्ट वारला. शवागारात जाऊन शीलेने त्याचा चेहरा रेखाटला. मार्चमधल्या मोठ्या प्रदर्शनात शीलेची चित्रे मुख्य दालनात लागली आणि खपलीही. ईडिथला दिवस गेले. पुरुष, स्त्री आणि तिच्या पायांशी बाळ, असे एक चित्र त्याच्या हाती होते. ते अपुरेच राहिले.

ऑक्टोबरात स्पॅनिश फ्लू घरात शिरला. ईडिथला सहावा महिना होता. आधी ताप, मग न्यूमोनिया. शीले तिच्यापाशीच होता. तिच्या अखेरच्या घटकांतही त्याने तिचे रेखाचित्र काढले. २८ ऑक्टोबरला ती गेली, ३१ ला तो. वय अवघे २८.

गरोदरपणात फ्लू जड जातो. २००९ च्या स्वाइन फ्लूतही ते दिसले. पण धडधाकट शीले? त्या साथीने तरुणांनाच जास्त ओढून नेले, हे एक कारण. दुसरे, माझ्या मते, त्याच्या बसण्याच्या जागेत असू शकते. एका घरावरून ते सिद्ध होत नाही, हेही खरेच.

याचा चांगला पुरावा गोवरात मिळाला. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये १९७९ च्या साथीत, बाहेरून गोवर आणणाऱ्या मुलापेक्षा घरात त्याच्याकडून लागण झालेली भावंडे जास्त दगावली. कांजिण्यांतही घरातल्या दुसऱ्या मुलाला फोड जास्त येतात. बाहेर विषाणूशी ओझरती गाठ पडते. घरात तीच खोली, तेच अंथरूण, तासन्‌तासांचा सहवास. सुरुवातीलाच विषाणूचा मोठा मारा झाला की प्रतिकारशक्तीला सावरायला वेळ मिळत नाही. फ्लूबाबत पुरावा इतका भक्कम नाही. शिवाय १९१८ मध्ये विषाणूपाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनियाही होई, आणि उशाशी बसणाऱ्याला दोन्ही मिळू शकत.

म्हणून आम्ही नातेवाइकांना सांगतो: रुग्णापाशी एकानेच थांबा, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून. घरातल्या गरोदर बाईला ही सेवा देऊ नका. फ्लूची लक्षणे लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत दिसतात. सेवा करणाऱ्याला ताप आला आणि दम लागू लागला, तर रुग्णाचे आवरू दे मग बघू, असे म्हणत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.