मॅझिनींची पत्रे आणि खसखशीचे दाणे



इटलीच्या एकीकरणाचा धडा आला की जोसेफ मॅझिनी हे नाव आपण परीक्षेपुरते पाठ करतो. त्यांच्या जीवनातील एक प्रसंग मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. तो आम्ही या अंकात देत आहोत.

मॅझिनींचा जन्म २२ जून १८०५ रोजी जेनोवा येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. त्या वेळी इटली अनेक राज्यांत विभागलेली होती व पुढे तिच्यावर ऑस्ट्रियाचा मोठा दाब होता. गुप्त संघटनेत सामील झाल्याबद्दल १८३० मध्ये त्यांना कैद झाली. सुटल्यावर १८३१ मध्ये मार्सेय येथे त्यांनी 'तरुण इटली' ही संस्था काढली. १८३७ मध्ये ते लंडनला आले. स्वतः हलाखीत असूनही १८४१ मध्ये त्यांनी तेथील गरीब इटालियन मुलांसाठी मोफत शाळा सुरू केली. ही मुले रस्त्यावर वाद्य वाजवून पैसे गोळा करीत.

परदेशात राहून देशकार्य करायचे, तर पत्र हेच साधन. पण १८४४ मध्ये आपली पत्रे कोणी तरी वाचत आहे, असा मॅझिनींना संशय आला. मग त्यांनी व मित्रांनी पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण आणि केस घालून पत्रे टाकली. पाकिटे पोहोचली ती बंद, मोहोर जागेवर. आतले दाणे मात्र नाहीसे! संशय खरा ठरला.

१४ जून १८४४ रोजी खासदार टॉमस डन्कम यांनी ही तक्रार संसदेत मांडली. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमाने मार्चपासून टपाल खात्यात ही पत्रे उघडली जात होती. त्यांतील काही माहिती परकीय सरकारलाही कळवली गेली होती. लोक फार संतापले. सरकारने उघडलेले पाकीट पुन्हा न उघडल्यासारखे चिकटवावे, ही लबाडी त्यांना अधिक झोंबली.

त्याच जुलैत मॅझिनींशी पत्रव्यवहार असलेले बांदिएरा बंधू सात साथीदारांसह कालाब्रियात गोळ्या घालून मारले गेले. त्यांच्यातल्याच एकाने फितुरी केली होती. तरीही फोडलेल्या पत्रांमुळे त्यांचा घात झाला काय, ही शंका लोकांच्या मनातून गेली नाही. सरकारने हा संबंध नाकारला. संसदेच्या समित्यांनी चौकशी केली; परदेशी पत्रे वाचणारी गुप्त कचेरी बंद झाली. गृहमंत्र्यांचा पत्र उघडण्याचा अधिकार मात्र कायम राहिला.

१८४९ मध्ये मॅझिनी रोमच्या अल्पायुषी प्रजासत्ताकाचे एक प्रमुख झाले. पुढे इटली एक झाली, पण राजाखाली. १० मार्च १८७२ रोजी पिसा येथे, परक्या नावाने राहत असताना, त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाचा स्वातंत्र्यवीर सावरकरांनी केलेला मराठी अनुवाद १९०७ मध्ये निघाला, आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली.

आज पाकिटाची जागा मोबाइलने घेतली आहे. तेथे खसखस घालता येत नाही. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. देशाच्या सुरक्षेसाठी कधी पत्र उघडावे लागेल, हे आम्ही समजू शकतो. पण हुकूम कोणी दिला, कोणत्या कारणाने दिला आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा, हे विचारणे प्रत्येक नागरिकाचे काम आहे. मॅझिनींनी ते परक्या देशात, चिमूटभर खसखशीच्या आधारे केले.