गजाननबुवा आणि समेवरची कात्री

डोंबिवलीत कोण मोठी माणसं राहून गेली असं विचारलं, तर पु. भा. भावे, शं. ना. नवरे ही नावं पटकन येतात. पंडित गजाननबुवा जोशी हे नाव आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांच्या तोंडी सहसा येत नाही. पण मित्रांनो, ज्याला कॉम्प्युटरवर गाणं कापायचं आणि जोडायचं आहे, त्याने बुवांविषयी जरूर जाणून घ्यावं.

बुवांचा जन्म ३० जानेवारी १९११ चा, मुंबईतला. गाणं पिढीजात. वडील अनंत मनोहर ऊर्फ अंतूबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे गायक. त्यामुळे ग्वाल्हेरची तालीम घरातच मिळाली. पुढे बुवा रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, मग जयपूर घराण्याच्या भूर्जीखाँसाहेबांकडे, मग आग्र्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांकडे. एवढ्यावर थांबले तर ते गजाननबुवा कसले! त्यांनी व्हायोलिन हातात घेतलं आणि त्यावर ख्यालगायकी उतरवली. कितीतरी रसिक त्यांना व्हायोलिनवादक म्हणूनच ओळखत. आकाशवाणीवर नोकरी झाली. १९७२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. उतारवयात ते डोंबिवलीत राहिले. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडवले. २८ जून १९८७ ला बुवा गेले.

आपल्या कामाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. विनायकराव घांग्रेकरांकडे बुवा तबलाही शिकले होते. लयीवरचं त्यांचं प्रभुत्व जाणकार आजही वाखाणतात. गायकाने तालाचं गणित तबलजीवर सोडून मोकळं व्हायचं, हे त्यांच्या गाण्यात नव्हतं.

हे मला नीट कळलं ते गॅदरिंगच्या वेळी. ठाण्यातल्या एका मित्राच्या खोलीत आम्ही द्रुत तीनतालातली बंदिश रेकॉर्ड केली. दोन टेक झाले आणि कल्याणहून आलेल्या आमच्या गायिकेचा घसा बसला. पहिल्या टेकमध्ये बंदिश सुरेख, दुसऱ्यात ताना जबरदस्त. तिसरा टेक मिळणार नव्हता. म्हणजे ऑडॅसिटीत दोन्ही जोडणं आलं. हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता लयीचा.

पहिला टेक मिनिटाला १६० मात्रांचा, दुसरा १६८ चा. तीनतालाच्या सोळा मात्रांना पहिल्यात ६ सेकंद लागतात, दुसऱ्यात साधारण ५.७. फरक किरकोळ वाटतो, पण दहा आवर्तनांत जवळजवळ तीन सेकंदांची, म्हणजे अर्ध्या आवर्तनाची तफावत पडते. ग्रुपमध्ये वाद झाला. एकाचं म्हणणं, चेंज टेम्पो वापरून दुसरा टेक १६० वर आणू. त्याने सूर बदलत नाही. मला ते पटेना. ख्यालात लय वाढतच जाते. बंदिशीनंतर ताना चढ्या लयीत येणं हा दोष नाही, तो रिवाजच आहे. पाच टक्के ताणलेल्या ताना मरगळल्या असत्या.

शेवटी लयीला हात न लावता कात्री समेवर चालवली. नेमकी समेवर नाही हं, तबल्याच्या ठोक्याच्या केसभर आधी. वेव्हफॉर्म शून्य रेषा ओलांडते तिथेच कापायचं, नाहीतर टिक् असा आवाज येतो. मग वीसेक मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. समेचा ठोका इतका ठसठशीत असतो की सांधा त्याखाली झाकला जातो. तानपुरा मात्र असा झाकला जात नाही, त्याचा नाद अखंड लागतो. आमचा तानपुरा इलेक्ट्रॉनिक होता, म्हणून तो वेगळ्या ट्रॅकवर सलग ठेवता आला.

आता बुवांकडे पाहा. ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा अशी तीन घराणी त्यांनी एका गळ्यात जोडली. त्यांच्याकडे ना क्रॉसफेड होता, ना अनडू. होती ती वर्षानुवर्षांची मेहनत आणि लयीची पक्की जाण. सॉफ्टवेअर कुठेही कापून देतं, पण कुठे कापायचं हे कानालाच कळावं लागतं. बुवांची ध्वनिमुद्रणं नेटवर सापडतात. डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये एखादी द्रुत बंदिश सहज ऐकून होते. बोटांवर मात्रा मोजत ऐका, आणि सम आली की मान आपोआप हलते का ते बघा.