आधी मोजा, मग बोला!

मुरगूडच्या बाजारात मडकं घेताना समोर आपल्याला एक कुंभार दिसतो. पण कुंभार म्हणवणारे सगळे एकाच कुळातले असतात का? इरावती कर्वे यांना हा प्रश्न पडला होता, आणि त्यांनी उत्तर घरी बसून दिलं नाही.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या या मुलीला नाव मिळालं ते तिथल्या इरावती नदीचं. शिक्षण पुण्यात झालं, पीएच.डी. बर्लिनमध्ये. तिथले गुरू ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी सरस, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा फरक निघालाच नाही! गुरूला काय वाटेल याची पर्वा न करता त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. गावोगाव हिंडून माणसांची मापं घेतली, रक्तगट तपासले. दिसलं काय? नाव एक, धंदा एक, पण आपसात सोयरीक नाही, असे गट शरीरानंही वेगळे असू शकतात. १९६८ मध्ये कैलास मल्होत्रांसोबत त्यांनी आठ ब्राह्मण गटांची अशीच तुलना प्रसिद्ध केली. म्हणजे फरक असतात, ते लग्नाच्या कुंपणानं टिकतात; पण त्यातून कुणी वरचा-खालचा ठरत नाही, बरं का.

१९७० मध्ये त्या गेल्या. पण त्यांचा धडा आज दवाखान्यातही कामाला येतो. रक्तगटासारखेच प्लेटलेटचेही प्रकार असतात; त्यांना एचपीए म्हणतात. त्यातला ‘१ए’ युरोपीय वंशाच्या शंभरातल्या साधारण दोघांत नसतो. जपानमध्ये मात्र तो जवळपास सगळ्यांत असतो. आईत तो नसेल आणि पोटातल्या बाळात वडिलांकडून आला असेल, तर आईचं शरीर बाळाच्या प्लेटलेट नष्ट करू शकतं. कधी बाळाच्या मेंदूत रक्तस्रावही होतो. अशा बाळाला जुळणाऱ्या प्लेटलेट हव्यात. तो दाता आडनावावरून ओळखता येत नाही, तपासूनच सापडतो.

म्हणून दात्यांच्या यादीत प्रत्येक वाडी-वस्तीतली, प्रत्येक समाजातली पोरंपोरी हवीत. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात कुणी ‘आमचं रक्त, त्यांचं रक्त’ सुरू केलं, तर त्याला त्या १४९ कवट्यांची गोष्ट नक्की सांगा.