ओसाड जमिनीचा शिल्पकार

३० सप्टेंबर १९६७. शनिवारचा दिवस. न्यूयॉर्कच्या बस स्थानकातून एक तरुण चित्रकार न्यू जर्सीतील पॅसेइक या आपल्या जन्मगावी निघाला. सोबत वर्तमानपत्र, एक विज्ञान कादंबरी आणि साधा कॅमेरा. पॅसेइकमध्ये नदीकाठी महामार्गाचे काम सुरू होते. सुट्टीमुळे यंत्रे मात्र थंडावलेली होती. त्याने जुना पूल, पाणी उपसणारे यंत्र, नदीत सांडपाणी ओतणारे पाइप यांची छायाचित्रे घेतली आणि हीच या गावाची स्मारके असल्याचे जाहीर केले. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'आर्टफोरम' मासिकात आलेला हा सचित्र लेख वरवर पाहता थट्टाच वाटावी. पण रॉबर्ट स्मिथसन गंभीर होते. रोमचे भग्नावशेष जग आदराने पाहते, मग बांधून पूर्ण होण्याआधीच जुनाट दिसू लागलेले उपनगर का पाहू नये, हा त्यांचा प्रश्न होता.

स्मिथसन यांचा जन्म २ जानेवारी १९३८ चा. लहानपणी त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर म्हणजे प्रसिद्ध कवी विल्यम कार्लोस विल्यम्स! शंख, जीवाश्म, खडक यांचे वेड इतके, की वडिलांनी घराच्या तळघरात त्यांच्यासाठी छोटे संग्रहालयच थाटून दिले. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. महाविद्यालयात ते कधी गेले नाहीत. १९६३ मध्ये नॅन्सी होल्ट यांच्याशी विवाह झाला. पुढे होल्ट यांनीही भू-कलेत स्वतंत्र स्थान मिळवले.

१९६८ पासून स्मिथसन खाणींतील दगडमाती धातूच्या पेट्यांत भरून, जागेच्या नकाशासह कलादालनात मांडू लागले. दगड दालनात आणि त्यांची जागा मात्र दूर कुठेतरी, ही ओढाताण हाच त्या कलाकृतींचा विषय होता. लवकरच त्यांनी दालनाच्या भिंतीच ओलांडल्या.

तेथेच संघर्षाला तोंड फुटले. १९७० च्या आरंभी कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या एका खडकाळ बेटावर काचेचे तुकडे पसरण्याची योजना त्यांनी आखली. पक्ष्यांना आणि सागरी जीवांना इजा होईल, या भीतीने पर्यावरणवाद्यांनी विरोध केला आणि प्रकल्प रद्द झाला. स्मिथसन यांना हा विरोध रुचला नाही. माणसाचा स्पर्श न झालेला पवित्र निसर्ग ही कल्पनाच त्यांना खोटी वाटे. तरीही विरोधकांचा मुद्दा अगदीच गैरलागू होता, असे म्हणवत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी, रोझेल पॉइंट येथे, त्यांची सर्वांत गाजलेली कृती साकारली. जागेची निवड बोलकी होती. जवळच तेल काढण्याच्या फसलेल्या प्रयत्नांचे गंजके अवशेष पडले होते. १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वेच्या दगडी भरावाने सरोवर दुभंगले होते. त्यामुळे उत्तर भागातील पाणी अतिखारट झाले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे त्याला तांबडा रंग आला. म्हणजे निसर्गाचे वाटणारे हे दृश्यही निम्मे माणसाने घडवलेले! ट्रक आणि यंत्रे लावून सुमारे साडेसहा हजार टन दगडमाती पाण्यात टाकण्यात आली. दगड काळा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीच्या ओळखीचा. त्यातून १,५०० फूट लांब आणि १५ फूट रुंद असा डावीकडे वळत जाणारा सर्पिल भराव तयार झाला. नाव 'स्पायरल जेटी'. पण या धक्क्याला कधी होडी लागली नाही. दोनेक वर्षांतच पाणी चढले आणि तो बुडाला.

यानंतर स्मिथसन यांनी खाणकंपन्यांकडे मोर्चा वळवला. उजाड खाणी बुजवून हिरवळीखाली लपवण्याऐवजी कलावंतांच्या हाती द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. युटातील बिंगहॅमच्या प्रचंड तांब्याच्या खाणीसाठी त्यांनी १९७३ मध्ये आराखडाही काढला. उद्योगांनी केलेल्या विध्वंसावर कलेचा मुलामा चढवला जात असल्याचा आक्षेप अशा योजनांवर घेतला जातो. तो पूर्णपणे खोडून काढण्याइतका वेळ स्मिथसन यांना मिळालाच नाही. २० जुलै १९७३ रोजी टेक्सासमध्ये अमरिलोजवळ, नियोजित कलाकृतीची जागा हवेतून पाहताना त्यांचे छोटे विमान कोसळले. वैमानिक आणि छायाचित्रकारही दगावले. स्मिथसन अवघे ३५ वर्षांचे होते. 'अमरिलो रॅम्प' नावाची ती कृती होल्ट, शिल्पकार रिचर्ड सेरा आणि टोनी शफराझी यांनी त्याच वर्षी पूर्ण केली.

२००२ मध्ये दुष्काळाने सरोवर आटले आणि बुडालेला धक्का मिठाची पांढरी पुटे घेऊन वर आला. १९९९ पासून त्याची मालकी 'डिया' या कलासंस्थेकडे आहे. झीज हाच प्राण असलेली कृती जपायची म्हणजे नेमके काय करायचे, हा पेच या संस्थेपुढे आहे. २०२२ मध्ये सरोवराने नीचांकी पातळी गाठली, तेव्हा धक्क्यापासून पाणी कितीतरी दूर गेले होते. स्मिथसन यांनी पाण्यात रचलेल्या त्या दगडांभोवती आता लोक कोरड्या मिठावरून चालत जातात.