कार्लाइल आणि शेजारचा कोंबडा

पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांत रात्री उशिरापर्यंत वाजणारे संगीत आणि डिचोली तालुक्यात वस्तीमधून धावणारे खनिजवाहू ट्रक यांविषयीच्या तक्रारी गोमंतकीय वाचकाला नव्या नाहीत. अशा आवाजासाठी निदान कायदा तरी आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. परंतु काही माणसांना छळणारा आवाज इतका लहान असतो की कोणत्याही नियमाच्या कक्षेत तो येत नाही. जेवताना कोणी मारलेला कढीचा भुरका, अडकित्त्यात कातरली जाणारी सुपारी, शेजारी बसलेल्याचे सतत नाक ओढणे, एवढ्यानेही त्यांची छाती धडधडू लागते, संताप अनावर होतो आणि भरल्या पानावरून उठून जावेसे वाटते. या अवस्थेला मिसोफोनिया हे नाव यास्त्रेबॉफ या संशोधक दांपत्याने २००१ साली दिले. नाव नवे असले तरी आवाजाने जीव नकोसा होण्याचे दुखणे फार जुने आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रख्यात इंग्रजी ग्रंथकार थॉमस कार्लाइल यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

कार्लाइल यांचा जन्म ४ डिसेंबर १७९५ रोजी स्कॉटलंडमधील एक्लफेकन या खेड्यात झाला. वडील गवंडी, घरची शिस्त कडक. मुलगा धर्मोपदेशक व्हावा या इच्छेने त्यांनी त्याला एडिंबरा विद्यापीठात पाठवले. मुलाने मात्र लेखणी धरली. १८२६ साली त्यांचा विवाह जेन वेल्श या बुद्धिमान, तल्लख स्त्रीशी झाला. दोन वर्षांनी हे जोडपे क्रेगनपुट्टॉक नावाच्या माळरानावरील शेतघरात राहायला गेले. तिथली शांतता एवढी गाढ होती की मेंढ्या गवत खुडत असल्याचा आवाजही ऐकू येई, असे वर्णन त्यांच्या चरित्रांत आढळते. पतीच्या लेखनाला ती मानवली. पण माणसांत रमणाऱ्या जेनला सहा वर्षे त्या एकांतात काढावी लागली.

१८३४ साली दोघे लंडनला आले आणि चेल्सी भागातील चेनी रो या गल्लीत भाड्याच्या घरात त्यांनी बिऱ्हाड थाटले. मृत्यूपर्यंत कार्लाइल याच घरात राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीवरील ज्या ग्रंथाने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्याच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित त्यांनी मित्र जॉन स्टुअर्ट मिल यांना वाचायला दिले होते. ते चुकून जळून गेले. कार्लाइल यांनी तो खंड पुन्हा लिहून काढला आणि १८३७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढा मोठा आघात पचवणारा हा माणूस शेजारच्या परसातील कोंबड्यापुढे मात्र हतबल होत असे.

लंडनच्या त्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरे होती. पलीकडे पियानोचा सराव चाले, परसात कोंबडे आरवत, कुत्रे भुंकत, रस्त्यावरून फेरीवाले ओरडत जात आणि बाजा वाजवणारे दारोदार हिंडत. कार्लाइल यांना पोटाचे जुने दुखणे होते, झोपही सावध असे. पहाटे कोंबडा आरवला की ते उठून बसत आणि पुढचा दिवस वाया जाई. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. कोंबडा रात्रीतून दोन-तीनदाच तर आरवतो, असे शेजाऱ्याने म्हटले तेव्हा, तो पुन्हा केव्हा आरवेल याची वाट पाहण्यातच खरे हाल होतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. गोष्ट खरी असो वा रचलेली, आवाज सहन न होणाऱ्या माणसाला ती लगेच पटेल. आवाज थांबल्यावरही कान त्याच्याच वाटेवर बसलेला असतो.

दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसावर आजच्या रोगनिदानाची चिठ्ठी चिकटवणे योग्य नव्हे. त्यांचे दुखणे मिसोफोनिया होते, एकूणच ध्वनी सहन न होण्याची प्रकृती होती की निद्रानाशाचा परिणाम होता, हे आता ठरवता येणार नाही. त्या दुखण्याने घराचे वेळापत्रक कसे ठरवले, हे मात्र जेनच्या पत्रांतून स्पष्ट दिसते.

फ्रेडरिक द ग्रेटच्या चरित्राचे प्रचंड काम हाती असताना, १८५३ साली कार्लाइल यांनी अखेरचा उपाय योजला. घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची आणि छपरातून उजेड घेणारी ध्वनिरोधक खोली बांधायची, असे ठरले. बांधकामाचा गोंगाट असह्य होऊन कार्लाइल स्वतः घर सोडून गेले. धूळ, कामगार आणि खर्च यांना तोंड देत जेन मागे राहिली. खोली तयार झाली आणि निराशा पदरी पडली. शेजारचे आवाज थोडे मंदावले; पण आजवर गल्लीच्या कलकलाटात विरून जाणारे लांबचे आवाज, नदीवरचे भोंगे आणि आगगाडीच्या शिट्ट्या, आता स्पष्ट ऐकू येऊ लागले. तरीही त्याच खोलीत बारा वर्षे बसून त्यांनी सहा खंडांचे ते चरित्र १८६५ साली पूर्ण केले.

हा अनुभव आजच्या वैद्यकाशी जुळणारा आहे. कान सदैव बोळे घालून बंद ठेवले तर ध्वनीची संवेदना कमी न होता अधिक तीव्र होऊ शकते, असे कर्णतज्ज्ञ सांगतात. संपूर्ण निःशब्दतेपेक्षा पंख्यासारखा मंद, एकसुरी आवाज पार्श्वभूमीला असणे अनेकांना सुसह्य वाटते. समुपदेशनाचाही काहींना उपयोग होतो.

कार्लाइल यांच्या घरात उपयोगी पडली ती जेनची रदबदली. ती शेजाऱ्यांकडे जाई, गोड बोलून, प्रसंगी पैसे मोजून, कोंबडे हलवायला लावी. पियानोचा सराव पतीच्या लेखनाच्या वेळी होऊ नये म्हणून समजुतीने वेळ ठरवली गेली. रस्त्यावरील वाद्यांविरुद्ध खासदार बॅस यांनी १८६४ साली कायदा पुढे आणला तेव्हा डिकन्स, टेनिसन यांच्यासह कार्लाइल यांनीही पाठिंब्याची सही केली. पण कायदा दारात आलेल्या बाजेवाल्यापुरता होता. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी जेनलाच बोलावे लागे. ती स्वतःही नाजूक प्रकृतीची होती. तिची झोपही अपुरीच असे.

२१ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये बग्गीतून फेरफटका मारत असताना जेनचे अकस्मात निधन झाले. कार्लाइल तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. पुढे तिची पत्रे वाचताना आपल्या शांततेसाठी तिने काय काय सोसले, हे त्यांना उमगले. त्या पत्रांवर टिपा लिहिण्यात त्यांनी पश्चात्तापाचे दिवस काढले. ५ फेब्रुवारी १८८१ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि इच्छेप्रमाणे एक्लफेकनला आईवडिलांजवळ त्यांचे दफन झाले. चेनी रोवरील घर १८९५ पासून लोकांसाठी खुले आहे. माथ्यावरची ती खोलीही पाहता येते.

आपल्याकडे मंगलोरी कौलांच्या घरात एका खोलीतील खोकला चौथ्या खोलीत ऐकू जातो. नव्या सदनिकांतही वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की खाली कळते. तिथे ध्वनिरोधक खोली कोण बांधणार? घरातले एखादे मूल जेवणाच्या पंक्तीतून कान झाकून उठत असेल तर त्याला नाटकी किंवा उद्धट ठरवण्याआधी एकदा कर्णतज्ज्ञाकडे न्यावे. त्याने वेगळे बसून जेवले तर घराचा मान जात नाही. आणि त्याच्यासाठी सदोदित बोटांवर चालणारी आई, बहीण किंवा पत्नी असेल, तर तिचीही विचारपूस व्हावी. कार्लाइल यांना ती करायला उशीर झाला.